पहिल्याच वर्षी अंतिम फेरी : वेगास गोल्डन नाईट्सच्या हंगामाचा उलगडा

६ ऑक्टोबर २०१७ रोजी डॅलस शहरात वेगास गोल्डन नाईट्स हा आइस हॉकीचा व्यावसायिक संघ आपला पहिला अधिकृत सामना खेळला. त्याच्या साडेतीन महिने आधी या संघाकडे मालक होता, महाव्यवस्थापक होता, प्रशिक्षक होता, नवे कोरे मैदान होते. खेळाडू मात्र जवळजवळ नव्हतेच. पुढच्या वर्षीच्या मे महिन्याअखेरीस हाच संघ स्टॅनली कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील या खेळाच्या सर्वोच्च चषकाच्या, अंतिम फेरीत उतरला. हंगाम सुरू होण्यापूर्वी लास वेगासमधील काही सट्टेबाजांनी त्याच्या विजेतेपदाला एकास पाचशेपर्यंत भाव दिला होता, म्हणजे जाणकारांच्या लेखी ही शक्यता जवळजवळ शून्य होती.

नव्या संघाने पहिल्या दोन-तीन वर्षांत सपाटून मार खायचा, ही या खेळातील जुनी रीत आहे. तिला वेगासने इतका मोठा छेद दिला की त्या हंगामाची चर्चा आजही ‘चमत्कार’ या एका शब्दावर येऊन थांबते. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग समजावून सांगता येतो. त्यासाठी खेळाची रचना, नवा संघ तयार करण्याचा नियम आणि पगारावरची मर्यादा या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

साठ मिनिटांचा खेळ आणि चार फळ्या

आइस हॉकीत एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. सामना साठ मिनिटांचा, वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. बर्फावरील धावपळ इतकी दमछाक करणारी असते की गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून बाहेर येतात आणि खेळ चालू असतानाच त्यांच्या जागी दुसरे उतरतात. त्यामुळे संघात आघाडीच्या तीन-तीन खेळाडूंच्या चार फळ्या आणि बचावपटूंच्या तीन जोड्या असतात.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते, आणि वेगासचे कोडे सोडवताना ती सतत ध्यानात ठेवावी लागते. संघातील सर्वांत गुणी आघाडीवीरसुद्धा साठपैकी साधारण वीस मिनिटेच बर्फावर असतो. उरलेली चाळीस मिनिटे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फळीतील खेळाडू लढतात. म्हणजे एका-दोन ताऱ्यांवर या खेळात फार काळ निभावत नाही, आणि कोठेही तारा नसलेला पण कोठेही कच्चा दुवा नसलेला संघ बराच पल्ला गाठू शकतो. याला एकच अपवाद आहे, तो गोलरक्षकाचा. तो पूर्ण साठ मिनिटे उभा असतो आणि त्याचा चांगला किंवा वाईट दिवस सगळ्या सामन्याचा दिवस ठरतो.

हे संघ ज्या स्पर्धेत खेळतात ती नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. अमेरिका आणि कॅनडा मिळून तिच्यात त्या हंगामात ३१ संघ होते. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. विजयाला दोन गुण मिळतात, जादा वेळेत किंवा त्यानंतरच्या शूटआउटमध्ये झालेल्या पराभवाला एक गुण मिळतो, आणि साध्या पराभवाला काहीच मिळत नाही. साखळीतील १६ संघ बाद फेरीत जातात. तेथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने होतात आणि आधी चार जिंकणारा पुढे सरकतो. अशा चार मालिका जिंकल्या की चषक हाती येतो.

रिकाम्या हातांनी आलेला संघ

लीगमध्ये नवा संघ दाखल होतो तेव्हा त्याच्यासाठी जी निवडप्रक्रिया होते तिला विस्तार ड्राफ्ट म्हणतात. समजा, तीस घरांच्या वस्तीत एक नवे कुटुंब राहायला आले. वस्तीने असे ठरवले, की प्रत्येक घराने आपल्या ठरावीक संख्येच्या मौल्यवान वस्तू कपाटात बंद कराव्यात आणि बाकीच्या अंगणात मांडाव्यात, आणि नव्या कुटुंबाने प्रत्येक अंगणातून एकच वस्तू उचलावी. विस्तार ड्राफ्ट म्हणजे नेमके हेच. कपाट जितके मोठे तितकी अंगणातील वस्तू कमी मोलाची, हे उघड आहे.

पूर्वी ही कपाटे ऐसपैस असत. २००० साली कोलंबस आणि मिनेसोटा हे दोन संघ लीगमध्ये आले, तेव्हा जुना संघ एक गोलरक्षक, पाच बचावपटू आणि नऊ आघाडीचे खेळाडू, म्हणजे एकूण १५ जण राखून ठेवू शकत होता. उरलेल्यांतून दोन नव्या संघांनी आपापसात वाटून घ्यायचे होते. २०१७ मध्ये मात्र जुन्या संघापुढे दोनच पर्याय होते : सात आघाडीचे, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक अशा ११ जणांना राखायचे, किंवा कोणत्याही जागेवरील आठ खेळाडू आणि एक गोलरक्षक अशा नऊ जणांना. व्यावसायिक खेळात पहिले किंवा दुसरे वर्ष असलेले तरुण खेळाडू या व्यवहारातून आपोआप वगळलेले होते. गोलरक्षक एकच राखता येणार होता, आणि उचलणाराही एकटाच होता.

ही उदारता कोठून आली, याचे उत्तर पैशात आहे. वेगास संघाचे मालक बिल फोली यांनी लीगमध्ये प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले. २००० साली हीच रक्कम प्रत्येकी ८ कोटी डॉलर होती, आणि १९७४ साली वॉशिंग्टन कॅपिटल्सने ६० लाख डॉलर भरले होते. ५० कोटी घेऊन समोरच्याला वर्षानुवर्षे हरणारा संघ देणे हा चांगला धंदा नव्हे, एवढे लीगला कळत होते. शिवाय ही रक्कम जुन्या ३० संघांनी वाटून घेतली, म्हणजे प्रत्येकाच्या पदरात १ कोटी ६० लाखांहून अधिक डॉलर पडले. एका खेळाडूची किंमत त्यांनी आधीच वसूल केली होती.

पगाराची मर्यादा जुन्यांना का नडली

२००४–०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाला. त्यानंतर एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. २०१७–१८ साठी ती साडेसात कोटी डॉलर होती. कितीही श्रीमंत मालक असला तरी त्याला तिच्या वर जाता येत नाही.

या मर्यादेचा परिणाम असा होतो, की संघ आपल्या चार-पाच ताऱ्यांना भरघोस पगार देतात आणि उरलेल्या तुटपुंज्या रकमेत तळाच्या फळ्या स्वस्तात भरतात. एखादा मधल्या फळीतील खेळाडू बऱ्यापैकी खेळू लागला, की त्याच्या पुढच्या कराराची चिंता सुरू होते. काही जुने, लांबलचक करार तर नुसते ओझे होऊन बसतात. वेगासचे पान कोरे होते. त्यांच्या डोक्यावर एकही जुना करार नव्हता आणि खर्च करायला पूर्ण मर्यादा मोकळी होती. त्यामुळे इतरांना न परवडणारा मध्यम दर्जाचा खेळाडू त्यांना सहज परवडत होता.

पिट्सबर्गचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. या संघाने २०१६ आणि २०१७ असे सलग दोन चषक जिंकले होते. त्यांच्याकडे दोन उत्तम गोलरक्षक होते : तरुण मॅट मरे आणि अनुभवी मार्क-आंद्रे फ्लेरी. राखता एकच येणार होता. फ्लेरीच्या करारात त्याला हलवण्यावर निर्बंध होता, तो त्याने स्वतःहून सोडला. वेगासने त्यालाच उचलावे म्हणून पिट्सबर्गने वर, लीगमध्ये दरवर्षी नवोदित खेळाडूंची जी फेरीवार निवड होते तिच्यातील, दुसऱ्या फेरीच्या निवडीचा एक हक्कही देऊ केला. तीन चषकांवर नाव कोरलेला गोलरक्षक आणि त्याच्याबरोबर बक्षीस, असा हा व्यवहार झाला.

भीतीचा बाजार

येथे गोष्टीचा खरा गाभा येतो. वेगासचे महाव्यवस्थापक जॉर्ज मॅकफी यांनी ओळखले होते, की प्रत्येक संघाला आपण गमावणार असलेल्या एका खेळाडूची धास्ती वाटते आहे आणि ती धास्ती विकत घेता येते. ‘तुमच्या अंगणातील ते घड्याळ मी उचलत नाही, मग मला काय देता?’ एवढा साधा प्रश्न त्यांनी संघासंघाला विचारला. उत्तरे थक्क करणारी होती.

कोलंबसला आपले काही तरुण खेळाडू जाण्याची भीती होती. वेगासने त्यांना हात लावू नये आणि विल्यम कार्लसन नावाचा, आदल्या वर्षी अवघे सहा गोल केलेला खेळाडू न्यावा म्हणून कोलंबसने पहिल्या फेरीचा एक आणि दुसऱ्या फेरीचा एक असे दोन निवडहक्क दिले. बदल्यात दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्या डेव्हिड क्लार्कसनचा बोजड करार वेगासने आपल्या अंगावर घेतला. मिनेसोटाने आपले बचावपटू वाचवण्यासाठी एरिक हौलाला पुढे केले आणि त्याच्या जोडीला ॲलेक्स टक हा उमदा तरुणही देऊन टाकला. ॲनाहाइमने तर कमालच केली. त्यांचा शे थिओडोर हा बचावपटू नियमानुसार निवडीपासून सुरक्षित होता, त्याला कपाटात ठेवण्याचीही गरज नव्हती. तरीही दुसरे दोन बचावपटू वाचावेत म्हणून त्यांनी तो आपल्या हाताने वेगासला दिला.

फ्लोरिडाची कहाणी निराळी आहे. त्यांनी आठ अधिक एक हा पर्याय निवडून चार बचावपटू राखले आणि नुकतेच ३० गोल केलेल्या जोनाथन मार्शेसोला बाहेर ठेवले. एवढ्यावर न थांबता, रायली स्मिथचा पाच वर्षांचा करार महाग वाटतो म्हणून त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडहक्काच्या बदल्यात वेगासकडेच धाडले. वेगासचे प्रशिक्षक जेरार्ड गॅलंट हे आदल्या नोव्हेंबरपर्यंत फ्लोरिडाचेच प्रशिक्षक होते. कॅरोलायनातील एका पराभवानंतर त्यांना तडकाफडकी काढण्यात आले आणि मैदानाबाहेर टॅक्सीपाशी सामान घेऊन उभे असलेले त्यांचे छायाचित्र सर्वत्र पसरले. या दोन्ही खेळाडूंना त्यांनी जवळून हाताळले होते.

मला वाटते, त्या यशात वेगासच्या चातुर्याइतकाच जुन्या संघांच्या घाबरटपणाचा वाटा आहे. एक खेळाडू मुकाट्याने गमावणे हा स्वस्तातला सौदा होता. तो टाळण्याच्या नादात अनेकांनी दोन-दोन गमावले.

सहा गोलांवरून ४३ गोलांवर

नाकारलेले खेळाडू एकाएकी चांगले कसे झाले, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. कार्लसनने वेगासकडून ४३ गोल केले आणि गोल करणाऱ्यांच्या यादीत तो लीगमध्ये तिसरा आला. हौलाचे १५ गोलांचे २९ झाले.

याचे पहिले उत्तर वेळ हे आहे. कोलंबसमध्ये कार्लसन खालच्या फळीत होता आणि सामन्यामागे तेरा मिनिटांच्या आसपास खेळत होता. प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणे हे त्याचे मुख्य काम होते. वेगासमध्ये गॅलंट यांनी त्याला पहिल्या फळीच्या मध्यभागी मार्शेसो आणि स्मिथ यांच्यामध्ये आणले आणि त्याच्या वाट्याला अठरा मिनिटांहून अधिक वेळ आला. ज्या खेळाडूला चांगले साथीदार आणि जास्त वेळ कधी मिळालाच नव्हता, त्याची कुवत आधीच्या आकड्यांत दिसणे शक्यच नव्हते. जुने संघ आपल्या खेळाडूंना ओळखत होते हे खरे. पण ते त्यांना एकाच भूमिकेत ओळखत होते.

दुसरे उत्तर समतोल हे आहे. प्रत्येक संघाचा दहावा-बारावा खेळाडू उचलला, तर कोणताही तारा हाती लागत नाही, पण चौथी फळीसुद्धा इतरांच्या चौथ्या फळीपेक्षा सरस निघते. गॅलंट यांनी चारही फळ्यांना वेगाने, दम न राखता खेळायला लावले. चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, हातची गेली की ती परत मिळवण्यासाठी सगळे तुटून पडत. प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या फळीला वेगासच्या पहिल्या फळीवर मात करता येत असे, परंतु उरलेल्या चाळीस मिनिटांत हिशेब उलटा होई. तिसरी गोष्ट आकड्यांत मोजता येत नाही, म्हणून ती मी सावधपणेच मांडतो : तीस वेगवेगळ्या संघांनी राखण्याजोगे न मानलेली माणसे एका खोलीत आली होती, आणि ती स्वतःला गमतीने ‘गोल्डन मिसफिट्स’ म्हणवून घेत.

प्रत्यक्ष हंगाम

पहिल्या नऊपैकी आठ सामने वेगासने जिंकले. त्यानंतर संकट आले ते गोलरक्षकांचे. फ्लेरी डोक्याच्या दुखापतीने सुमारे दोन महिने बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला माल्कम सुबान जखमी झाला, मग ऑस्कर डान्स्कही. मॅक्सिम लागासे या चौथ्या गोलरक्षकाला मैदानात उतरवावे लागले आणि पाचव्यालाही एका सामन्यात काही मिनिटे बर्फावर उभे राहावे लागले. एखाद्या मुरलेल्या संघाचेही अशा वेळी नाकी नऊ आले असते. वेगास डळमळला, पण कोसळला नाही.

साखळी संपली तेव्हा ५१ विजय, २४ पराभव आणि जादा वेळेतील किंवा शूटआउटमधील सात पराभव अशी नोंद होती. १०९ गुणांसह पॅसिफिक गटात तो पहिला आला. बाद फेरीत लॉस एंजेलिसला ४–० असे गारद केले. त्या चार सामन्यांत मिळून लॉस एंजेलिसला तीनच गोल करता आले. मग सॅन होजेला ४–२ आणि विनिपेगला ४–१ असे हरवून वेगास अंतिम फेरीत पोहोचला. गॅलंट वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले आणि मॅकफी सर्वोत्तम महाव्यवस्थापक.

अंतिम फेरीत समोर वॉशिंग्टन कॅपिटल्स होता. या संघाने १९७४–७५ मध्ये आपल्या पहिल्या हंगामात ८० पैकी फक्त आठ सामने जिंकले होते आणि ६७ गमावले होते. नव्या संघाची दुर्दशा सांगताना आजही हाच दाखला देतात. शिवाय मॅकफी यांनी १९९७ ते २०१४ या काळात वॉशिंग्टनचा कारभार पाहिला होता. ॲलेक्स ओव्हेचकिन, निकलस बॅकस्ट्रॉम आणि गोलरक्षक ब्रेडन होल्टबी ही त्यांच्याच कारकिर्दीत निवडली गेलेली माणसे. त्यांनी उभारलेल्या एका संघाने त्यांच्या दुसऱ्या संघाला ४–१ असे हरवले. पहिला सामना वेगासने ६–४ असा जिंकला होता. दुसऱ्याच्या अखेरीस होल्टबीने टकचा जवळजवळ झालेला गोल केवळ काठीच्या पात्यावर अडवला, आणि तेथून मालिकेचे पारडे फिरले. पाच सामन्यांत वॉशिंग्टनने २० गोल केले. तोवर अभेद्य वाटणारा फ्लेरी या मालिकेत साधा माणूस दिसला.

‘हे तर निव्वळ नशीब’

हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. कार्लसनने त्या हंगामात गोलच्या दिशेने १८४ फटके मारले आणि त्यांतील ४३ आत गेले, म्हणजे शंभरामागे २३ हून अधिक. या खेळात चांगल्या आघाडीवीराचे प्रमाणही शंभरामागे दहा ते पंधराच्या आसपास असते. इतके चढे प्रमाण वर्षानुवर्षे टिकत नाही आणि ते टिकलेही नाही. पुढच्या हंगामात त्याचे २४ गोल झाले. गोलरक्षकाच्या बाबतीत असाच एक आकडा पाहतात, तो म्हणजे आलेल्या फटक्यांपैकी त्याने किती अडवले. फ्लेरीने त्या साखळीत हजारामागे ९२७ अडवले. त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीच्या मानानेही हे असाधारण होते.

तेव्हा १०९ गुणांतील वरचा काही थर नशिबाचा होता, हे मान्य करायला हरकत नाही. कार्लसनच्या गोलांतून दहा-पंधरा गोल दैवाचे म्हणून वजा केले तरी तो सहा गोलांचा खेळाडू उरत नाही, त्याहून कितीतरी मोठा उरतो. फ्लेरी नसताना संघ दोन महिने तग धरून होता, तो काही फ्लेरीच्या नशिबावर नव्हे. नशिबाने चांगल्या संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले, असे म्हणणे मला अधिक रास्त वाटते.

‘नियमच सोपे केले होते’

या आक्षेपाची परीक्षा सुदैवाने प्रत्यक्ष झाली आहे. २०२१ मध्ये सिअ‍ॅटल क्रॅकेन हा ३२ वा संघ ६५ कोटी डॉलर भरून लीगमध्ये आला आणि त्याच्यासाठी विस्तार ड्राफ्टचे नियम वेगाससारखेच होते. वेगास सोडून जुन्या ३० संघांतून ३० खेळाडू त्यालाही मिळाले. पहिल्या हंगामात तो २७ सामने जिंकला, ६० गुणांवर अडकला आणि बाद फेरीच्या जवळपासही गेला नाही.

नियम तेच असताना निकाल इतका वेगळा का? एक तर जुने संघ शहाणे झाले होते. वेगासला दिलेल्या नजराण्यांची फळे त्यांनी चार वर्षे डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे या वेळी त्यांनी एक खेळाडू निमूटपणे जाऊ दिला आणि वर काही द्यायचे नाकारले. भीतीचा बाजार या वेळी भरलाच नाही. दुसरे म्हणजे महासाथीमुळे पगाराची मर्यादा वाढायची थांबली होती आणि मोठे करार घेण्याची सिअ‍ॅटलला धास्ती वाटली. मॉन्ट्रियलचा नामांकित गोलरक्षक केरी प्राइस निवडीला उपलब्ध होता, पण त्याचा करार फार मोठा म्हणून सिअ‍ॅटलने तो सोडला. तिसरे कारण गोलरक्षकाचे. सिअ‍ॅटलचा मुख्य गोलरक्षक फिलिप ग्रुबाउअर याने हजारामागे ८८९ फटके अडवले. फ्लेरीच्या ९२७ शी तुलना केली तर हजार फटक्यांमागे ३८ गोलांचा फरक पडतो, आणि एका हंगामात संघाला दोन हजारांहून अधिक फटके झेलावे लागतात.

नियमांनी वेगासला उभे राहायला जमीन दिली, हे सिअ‍ॅटललाही लागू आहे. तिच्यावर १०९ गुणांची इमारत उठली ती इतरांच्या चुका आणि एक गोलरक्षक यांमुळे. दुसऱ्या हंगामात सिअ‍ॅटलनेही १०० गुण मिळवले आणि बाद फेरीत गतविजेत्या कोलोरॅडोला हरवले, हेही नोंदवायला हवे. नव्या नियमांखाली उभा राहणारा संघ पूर्वीसारखा वर्षानुवर्षे तळाशी राहत नाही, एवढे त्यावरून दिसते.

१९६७–६८ चा दाखलाही येथे कोणी देईल. तेव्हा सेंट लुइस ब्लूज पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला होता. परंतु त्या वर्षी एकदम सहा नवे संघ आले आणि ते सगळे एकाच गटात ठेवले होते, म्हणजे त्यांच्यापैकी एक अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच होते. तेथे मॉन्ट्रियलने त्यांना ४–० असे हरवले. वेगासला अशी राखीव वाट नव्हती.

शहरावरचा आघात

त्या हंगामाविषयी बोलताना १ ऑक्टोबर २०१७ ची रात्र टाळता येत नाही. लास वेगासमधील एका खुल्या संगीत महोत्सवावर झालेल्या गोळीबारात त्या वेळच्या मोजणीनुसार ५८ निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. पुढे उपचारांदरम्यान आणखी दोघे गेले. संघाचा पहिला सामना त्यानंतर पाचच दिवसांनी होता. १० ऑक्टोबरच्या पहिल्या घरच्या सामन्यात मैदानाभोवतालच्या कठड्यावरून जाहिराती काढून टाकल्या होत्या, ५८ सेकंदांचे मौन पाळले गेले आणि डेरिक एंगेलँड या बचावपटूने गर्दीपुढे चार शब्द बोलले. तो पूर्वी याच शहरातील एका खालच्या लीगच्या संघाकडून खेळला होता आणि येथेच स्थायिक झाला होता. त्या सामन्यात त्यानेही गोल केला. पुढे संघाने ५८ क्रमांकाचा पोशाख कायमचा बाजूला काढला.

या दुःखाने संघाला बळ दिले आणि त्यातूनच विजय आले, असे अनेकदा लिहिले जाते. शहर आणि संघ यांचे नाते त्या आठवड्यात जुळले हे निःसंशय. एरवी ज्याला वर्षे लागली असती ते दहा दिवसांत घडले. पण त्यावरून गोलांचा हिशेब मांडणे मला पटत नाही. वेगासने घरच्या ४१ सामन्यांपैकी २९ जिंकले, तर बाहेरच्या ४१ पैकी २२. परक्या शहरांतील त्या २२ विजयांना कार्लसन, फ्लेरी आणि चार समतोल फळ्या हेच अधिक साधे स्पष्टीकरण आहे. पाहुणे संघ लास वेगासच्या रात्रींत रमतात आणि दुसऱ्या दिवशी सुस्तावतात, हा विनोदी सिद्धांतही त्याच २२ विजयांपाशी अडखळतो.

पुढे त्या खेळाडूंचे काय झाले

जी पगारमर्यादा इतरांना नडली आणि वेगासला लाभली, तिच्यातून वेगासचीही सुटका नव्हती. संघ जिंकू लागला की खेळाडूंचे पगार वाढतात आणि कोरे पान भरत जाते. मार्क स्टोनसारखे मोठे खेळाडू आणण्यासाठी जागा करावी लागली आणि ती जुन्यांना हलवूनच होत होती. गॅलंट यांना जानेवारी २०२० मध्ये काढण्यात आले. फ्लेरीने २०२१ मध्ये लीगच्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळवला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याचा ७० लाख डॉलरचा वार्षिक भार उतरवण्यासाठी संघाने त्याला जवळजवळ काहीही न घेता शिकागोकडे दिले. पिट्सबर्गने २०१७ मध्ये जे केले होते, त्याच्याशी या व्यवहाराचे साम्य लपत नाही.

१३ जून २०२३ रोजी वेगासने फ्लोरिडाला पाचव्या सामन्यात ९–३ असे हरवून चषक जिंकला. त्या संघात पहिल्या हंगामातील सहा जण उरले होते : मार्शेसो, कार्लसन, स्मिथ, थिओडोर, ब्रेडन मॅकनॅब आणि विल्यम कॅरियर. बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मार्शेसोला मिळाला, आणि तोही ज्या संघाने त्याला अंगणात मांडले होते त्याच्याच विरुद्ध. त्यानंतर काही आठवड्यांतच स्मिथला पिट्सबर्गकडे पाठवण्यात आले, आणि वर्षभराने करार संपल्यावर मार्शेसोही नॅशव्हिलला निघून गेला.